आग्नेलचे दोन घास

कायतानचा आवाज इगर्जीत घुमला तेव्हा नातालीन सांत आंतोनच्या मूर्तीमागे जमिनीवर बसून जांभळ्या कापडाची उसवलेली कड शिवत होती. पाशाच्या, म्हणजे ईस्टरच्या, सणाआधी सगळ्या मूर्ती अशा झाकून टाकायच्या, आणि ते काम वाडीतल्या बायका मिळून करत. पण दुपारचे ऊन चढले तशा बाकीच्या जेवायला घरी गेल्या आणि एवढी कड पुरी करते म्हणून ती मागे राहिली होती. नवरा गळाची दोरी आणायला मालवणच्या बाजारात गेला आहे अशी तिची समजूत होती. तसे तो सांगून निघाला होता. आणि आता तो इथे, पलीकडच्या भिंतीशी असलेल्या कुमसाराच्या पेटीपाशी गुडघे टेकून, जाळीला तोंड लावून पाद्र्याला आपली पापे सांगत होता, आणि त्याला वाटत होते की आपण कुजबुजतो आहोत. सारी उमर बोटीच्या भट्टीपुढे आगवाला म्हणून कोळसा ओढण्यात गेली, त्यात त्याचे कान गेले. घरी बोलला तरी शेजारच्या तुळसाला आपल्या विहिरीवर ऐकू जाई. म्हणूनच त्याने ही ओस पडलेली दुपार निवडली असावी. नातालीनने खोकायला हवे होते, उठून उभे राहायला हवे होते. दुसऱ्याचा कुमसार ऐकणे हे पाप, हे तिला लहानपणापासून पाठ होते. तिने सुई कापडात खोवली, कानांवर हात नेले, आणि हात पोचायच्या आधीच वाक्य येऊन पोचले.

"आग्नेलाक खावक मीच घातलंय, पाद्री. माझो झील माझ्या हातचा खावन गेलो. आळ बायलेर इलो आनी मी गप रवलंय."

पाद्री ग्रेगोर गोव्याकडचे. त्यांनाही बहिऱ्यासाठी आवाज चढवावा लागला. "सावकास उलय, कायतान. देवान तुका केदनाच भोगसलां. दर वर्सा तेंच पातक परत कित्याक हाडटा?"

"देवान माफ केल्यान, ता तुमी सांगतात. पण माका जेवण गोड लागणा नाय."

"मागीर बायलेक सांग."

वर कौलांत कबुतरे घुमत होती. मग तोच आवाज, पण आता थकलेला: "तां माझ्यान होवचा नाय."

तो उठला, त्याचे गुडघे वाजले, त्याने दाराशी ठेवलेल्या पवित्र पाण्यात बोट बुडवून क्रुसाची खूण केली आणि तो उन्हात गेला. पाद्रीही आपल्या खोलीकडे गेले. नातालीन मूर्तीमागे तशीच बसून राहिली. सुईचे टोक बोटात घुसले होते आणि जांभळ्या कापडावर रक्ताचा एक ठिपका उमटला होता. त्या रंगात तो कुणाला दिसणार नव्हता. आपण आता काय ऐकले हे तिला समजले होते आणि समजलेही नव्हते. भरतीच्या वेळी वाळूत पाय रोवून उभे राहावे आणि पायाखालची वाळू हळूहळू निघून जावी, तसे काहीतरी होत होते. ती कड तिने शेवटपर्यंत शिवली. गाठ मारली, दाताने दोरा तोडला. मग ती समुद्राच्या वाटेने घरी निघाली, कारण गावातली वाट धरली असती तर कुणीतरी तिला हटकले असते आणि तिला तोंड उघडावे लागले असते.

त्यांचा मुलगा आग्नेल तेव्हा सहा वर्षांचा होता. महायुद्ध सुरू होते, आणि कायतान बऱ्याच वर्षांनी रजेवर घरी आला होता. त्या मे महिन्यात आग्नेलला ताप धरला तो उतरेना. डॉक्टर म्हणाला, विषमज्वर आहे, आतडी कागदासारखी झाली आहेत. दुधाचे पाणी आणि जवाचे पाणी, याखेरीज दाताला लागेल असे काही पोटात जाता कामा नये. पोराला ते कसे कळावे? पहिले काही दिवस तो ग्लानीत होता. मग ताप जरा उतरला आणि भूक जागी झाली. चुलीवर भात रटरटायला लागला की तो खाटेवरून मान उचलून वास घ्यायचा. मागायचा नाही फारसा, नुसता बघायचा. त्याच्या डोळ्यांचे तेवढे मोठे होणे नातालीनला आजही दिसे, आंघोळ करताना, माड मोजताना, माळ जपताना. एका सकाळी सासू पाणी भरायला गेलेली असताना तिने भाताची चार शिते, मग अजून थोडी, असा एक घास मऊ कुस्करून त्याच्या तोंडात घातला. त्याने तो गिळलाच नाही कितीतरी वेळ. गालात धरून ठेवला. "कोणाक सांगू नको हां, पुता," ती म्हणाली, आणि त्याने मान हलवली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याच्या पोटात कळ उठली, रक्त पडले, आणि रात्र सरायच्या आत तो गेला.

डॉक्टरने विचारले होते, याला घट्ट काही दिले का. सगळी माणसे खाटेभोवती उभी होती. नातालीन म्हणाली, "मी दिलंय. भात." तिला आठवत होते, तेव्हा कायतान दारात उभा होता. तिने त्याच्याकडे पाहिले आणि त्याने मान खाली घातली. त्या खाली गेलेल्या मानेवर तिने पुढचा सगळा संसार उभा केला होता. तिला वाटले, पोरगा गेला त्याच्या दुःखाने वाकली ती मान. तिला वाटले, माझ्याकडे बघवत नाही म्हणून वाकली. आणि मग वर्षे गेली तशी तिने ठरवून टाकले, माझी लाज राखावी म्हणून वाकली. कारण कायतानने तिला कधी शब्दाने दुखवले नाही. सासू रेजीनमाय दुखवत असे. ताटात भात पडला की म्हातारी म्हणायची, "माका वायच वाढ गो, तुझ्या हातच्या भाताची माका भीती वाटता." मरताना तिने सुनेच्या हातचे पाणीही घेतले नाही. आणि कायतान रजेवर असला की अशा वेळी ताटावरून उठून बाहेर जाई. नातालीनला वाटायचे, आईचे बोलणे याला सोसत नाही, माझ्यासाठी हा उठतो. ती रिकामा पाट बघायची आणि तिचे मन त्याच्या उपकाराने भरून यायचे. एवढे मोठे पाप पोटात घालणारा नवरा कुणाला मिळतो? ती त्याच्या पायांना तेल चोळायची. तो बोटीवर असताना त्याच्यासाठी उपास करायची. त्याच्या दारूचे, त्याच्या घुमेपणाचे तिने कधी वाईट मानले नाही. लेक इस्पेरांस बापाला पाय म्हणे. ती एकदा म्हणाली होती, "माय, तू पायक घाबरतंस." नातालीन म्हणाली, "घाबरणंय नाय गो. मी तेंचा लागतंय." लागतंय म्हणजे देणे लागते. तिने आयुष्यभर ते फेडले होते.

आणि इगर्जीत दर वर्षी, पाशाच्या आधी, तिने त्याच जाळीला तोंड लावून तेच सांगितले होते. माझ्या पुताक मी खावक घातलंय. पहिले पाद्री रागावले, दुसऱ्यांनी माळा जपायला लावल्या, आणि गेली काही वर्षे पाद्री ग्रेगोर होते. ते तिचे ऐकून घेत आणि मग फार वेळ गप्प बसत. इतका वेळ, की एकदा तिला वाटले, म्हाताऱ्याला डुलकी लागली. आता वाळूतून चालताना ती गपकन थांबली. त्या लाकडी पेटीत बसून तो माणूस दोघांचेही ऐकत आला होता. कधी सकाळी बायको, कधी दुपारी नवरा. एकाच पोराचे नाव, एकच पाप, एकाच घरातून निघून वेगवेगळ्या वाटांनी त्याच्या कानाशी येत होते, आणि याचे तिला सांगण्याची त्याला मुभा नव्हती, तिचे याला सांगण्याचीही नव्हती. नातालीनला त्या क्षणी आपल्यापेक्षा पाद्र्याचीच कीव आली. तेवढ्यापुरतीच. मग राग आला, इतका की ती तिथेच वाळूवर बसली.

घरी कायतान ओट्यावर बसून जुनीच दोरी उलगडत होता. "बाजारात बरी दोरी नाय गावली," तो ओरडला. तिने मान हलवली. रात्री जेवण वाढताना तिने त्याचे हात पाहिले. कोळशाचे निळे डाग चामडीत कायमचे राहिलेले, एका बोटाचे नख नसलेले. या हातांनी. कधी? काय दिले? तिला मारून टाकणारा प्रश्न तोच होता, आणि त्याची तिला लाज वाटत होती. यानेही दिले असेल तर पोर कोणाच्या घासाने गेले हे आता कुणालाच सांगता येणार नव्हते; तिच्या भाताने, की याच्या कशाने, की दोन्हींनी, की नुसत्या तापानेच. एवढी वर्षे तिला निदान ठाऊक तरी होते. आता तेही गेले होते. आणि त्याहून वाईट म्हणजे ज्याच्या क्षमेच्या सावलीत ती जगली, ती सावली कुणाची नव्हतीच. याने तिला क्षमा केली नव्हती. हा नुसता लपला होता, तिच्या पदराआड, पोराने लपावे तसा. तिने ठरवले, याच्याशी बोलायचे नाही.

पण बहिऱ्या माणसाशी अबोला धरता येत नाही. चार दिवस ती एक शब्द बोलली नाही आणि कायतानला त्याचा पत्ताही लागला नाही. तो आपला सवयीने तिच्या चेहऱ्याकडे बघून "होय, होय" म्हणत राहिला. तिने भाजी अळणी केली, तर त्याने उठून मीठ घेतले. तिने त्याचे धुतलेले कपडे दोरीवरच ठेवले, तर त्याने ते काढून, नीट घडी करून, तिचेही घडी करून, पेटीवर ठेवले. त्या घड्या बघून तिला रडू आले आणि तिला आपलाच संताप आला. तुळसा कुंपणापलीकडून म्हणाली, "काय गो नातालबाय, तोंड कित्याक उतारला? उपास लय धरलंस काय?" तुळसा हिंदू, पण सगळे उपास तिला ठाऊक. नातालीन म्हणाली, "होय, उपासच आसा."

बुधवारी ती इगर्जीत गेली. रांगेत पाच-सहा बायका होत्या. ती सगळ्यांना पुढे सोडत राहिली. जाळीपाशी गुडघे टेकल्यावर नेहमीची सुरवात तिच्या तोंडून निघेना. ती म्हणाली, "पाद्री, मी आयकलंय. मूर्तीच्या फाटसून हुतंय. मुद्दाम नाय आयकलंय."

जाळीपलीकडे तीच लांब शांतता. या वेळी तिला ती ओळखू आली.

"आयकलें तें तुज्या तोंडांतल्यान भायर पडूंक फावना," पाद्री शेवटी म्हणाले. "ताका लेगीत न्हय."

"त्येंकापण नाय?"

"ना. तें ताचें. ताणें देवाक दिलां."

"मगे मी काय करू? माझा काय? मी तेचा देणा समजान जल्मभर तेचे पाय धुतलंय, पाद्री. मी तेका देवमाणूस समजलंय." तिचा आवाज चढला तसे मागच्या बाकावर कुणीतरी खाकरले. ती हळू झाली. "तेनी एक दीस म्हटला असता, फक्त एक दीस, की मी पण दिलंय. मी तेका काय करणार हुतंय? आमी दोघां मिळान रडलां असतां."

पाद्री ग्रेगोर म्हातारे झाले होते. त्यांचा श्वास जाळीतून लागत होता. त्याला तंबाखूचा वास होता. "ताचें तुका सांगूंक जायना," ते म्हणाले. "पूण तुजें तुका सांगूंक येता. तुवें दिल्लें तें तुजें न्हय?"

तिने विचारले, "आनी कृपा, पाद्री? ती खंय गावता?"

ते म्हणाले, "म्हाका खबर ना, बाय. हांव हांगा बसून तीच सोदतां." आणि त्यांनी घाईघाईने, जणू चुकून काही जास्त बोलून गेले असावेत, लॅटिनमधले शब्द पुटपुटून तिच्यावर खूण केली. प्रायश्चित्त सांगायला ते विसरले.

गुड फ्रायडेला इगर्जीची घंटा वाजत नाही. दुपारपर्यंत घरात चूल पेटली नव्हती. क्रुसाचे चुंबन घेऊन दोघे परतली तेव्हा ऊन माडांच्या शेंड्यांवरून खाली येत होते. नातालीनने पेज शिजवली आणि ओट्यावर दोन वाडगे आणून ठेवले. कायतान पाय सोडून बसला होता. त्याचा चेहरा आज फार म्हातारा दिसत होता. क्रुसाला ओठ लावताना त्याचा तोल गेला होता आणि तिनेच त्याला दंडाला धरून उठवले होते. धरताना तिला कळले, या दंडात आता काही उरलेले नाही. तिने पेजेतला भात पळीने ढवळला. तिच्या मनात काही ठरलेले नव्हते. आपण बोलणार आहोत हे तिला बोलायला लागल्यावरच कळले.

"आग्नेलाक मी भात दिलंय," ती म्हणाली.

त्याने कानाला हात लावला. "काय?"

तिला ओरडावे लागले. जे तिने त्या रात्रीनंतर फक्त जाळीत कुजबुजले होते ते तिने भर उजेडात, ओट्यावर, गाव ऐकेल असे ओरडून सांगितले. "आग्नेलाक मी भात दिलंय. भुकेलो हुतो. दिलंय ता बरा केलंय. आज मागलो तर आज परत दितलंय."

पलीकडे तुळसाच्या विहिरीवरचा रहाट थांबला. कायतान तिच्याकडे बघत राहिला. त्याने पळी खाली ठेवली. नातालीनने नजर काढली नाही. तिला दया येत नव्हती आणि राग येत नव्हता, ती फक्त वाट बघत होती, बाळंतपणात शेवटच्या कळेची वाट बघावी तशी. तो उठून जाईल असे तिला वाटले. ताटावरून तो नेहमी उठून जाई. तो उठायला लागलाही, हात जमिनीला टेकला, आणि मग तसाच परत बसला.

"मी पण," तो म्हणाला.

बहिरा झाल्यापासून इतक्या हळू आवाजात तो कधी बोलला नव्हता. "मी पण दिलंय गो. खुरसाकडे लादीन हुता त्या सांजेक, सगळी प्रार्थनेक गेलली. घरात सान्ना केलेली, तांदळाची, वाफेर उकडलेली. तू थंय गेललंस. तेना वास घेतल्यान, आनी माझ्याकडे बगल्यान. डॉक्टरान इचारल्यान तेवा तू म्हटलंस, मी दिलंय. माझ्या तोंडात हुता. तू माझ्या आदी बोललंस. मगे आवय तुका बोलाक लागली, आनी माझी जीब आत गेली. मी बोटीर गेलंय. थंय पण तां माझ्यावांगडा इला."

नातालीनला वाटले होते, हे ऐकले की आपण काहीतरी करू. ओरडू, कपाळ बडवू, वाडगा भिरकावून देऊ. हे सगळे तिच्या हातांत होते, आणि हात मांडीवर पडून राहिले. तुला मी क्षमा केली, असेही तिच्या तोंडून निघाले नाही. ते खरे आहे की नाही हे तिला माहीत नव्हते. रेजीनमायने न घेतलेले पाणी, तेल चोळलेले पाय, धरलेले उपास, हे सगळे अजून तिथेच होते आणि त्याच्या बोलण्याने त्यातले काही नाहीसे झाले नव्हते. पण या सगळ्यावर पाऊल देऊन एक प्रश्न पुढे आला होता. गेले आठ दिवस तोच तिला झोपू देत नव्हता.

"कितकी दिलास?" तिने ओरडून विचारले.

"आख्खी एक. साखर लावन."

"खाल्लान?"

"खाल्लान. बोटां चाटल्यान." कायतानच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि ते त्याच्या लक्षात आलेले नव्हते. "सगळी खाल्लान. माका म्हटल्यान, पाय, पोट भरला. आनी मगे हसलो."

"हसलो? कित्याक हसलो?"

त्याने मान खाली घातली, आणि तिने पुढे होऊन त्याच्या हनुवटीला धरून ती वर उचलली.

"मी तेका सांगितलंय, मायेक सांगू नको हां. तर तो हसलो. म्हटल्यान, माय पण सकाळी माका दिल्यान. ती पण म्हणता, कोणाक सांगू नको." कायतानने तळहाताने तोंड पुसले. "म्हटल्यान, तुमी दोघां एकमेकांक घाबरतात."

माडांतून वारा आला आणि पेजेवर साय धरली. नातालीन सरकत त्याच्या उजव्या अंगाला आली, तो कान त्यातल्या त्यात बरा होता, आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "परत सांगा. कसो हसलो तां."